गार पाणी, गरम पाणी आणि आपण



गेल्या काही महिन्यांत गटांच्या बैठकांना गेले की हप्ते, व्याज, ठराव सगळं उरकल्यावर एक प्रश्न हमखास येतो. मोबाइलवर व्हिडिओ फिरत असतो. कुणीतरी बर्फाने भरलेल्या टबात गळ्यापर्यंत बसलंय आणि सांगतंय, यामुळे टेन्शन जातं, अंगदुखी जाते, वजन उतरतं. मग ताई विचारतात, "मॅडम, हे खरंय का?" एका गावात यावर एक मावशी म्हणाल्या, "आम्ही मार्गशीर्षात पहाटे नदीवर धुणं धुतो, आमचा कुणी व्हिडिओ काढत नाही." सगळ्या पोट धरून हसल्या.

हसण्यावारी गेलं तरी प्रश्न चांगला आहे. गार पाण्यात पोहण्याचा आनंद खरा आहे. गरम आणि गार पाण्याने आलटून पालटून आंघोळ केली की अंग हलकं होतं, हेही खरं आहे. पण त्याला नियम आहेत, आणि नियम माहीत नसतील तर जीवही जातो. म्हणून या अंकात या पाण्याबद्दल नीट समजून घेऊ.

गार पाण्यात शिरल्यावर अंगात काय होतं?

पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं. म्हणून २० अंशांची हवा आपल्याला छान वाटते, पण २० अंशांच्या पाण्यात दात वाजायला लागतात.

गार पाणी अंगाला लागलं की आपोआप "हाऽऽ" करून श्वास आत ओढला जातो. तो आपण थांबवू शकत नाही. मग श्वास भराभर चालतो, छाती धडधडते, कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वर जातो. याला गारठ्याचा धक्का म्हणू. पाणी १५ अंशांच्या खाली असेल तर हा धक्का फार जोराचा असतो. पहिल्या मिनिटात तो सगळ्यात जास्त असतो आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतो.

चांगलं पोहता येणारी माणसंही गार पाण्यात बुडतात, त्याचं एक मोठं कारण हे आहे. वरून उडी मारली, डोकं पाण्याखाली गेलं आणि नेमका त्याच क्षणी तो श्वास ओढला गेला, तर हवेऐवजी पाणी आत जातं.

धक्का ओसरला की मात्र वेगळंच वाटायला लागतं. श्वास संथ होतो. अंगाला मुंग्या येतात, कातडी लाल होते. शरीर सावध राहण्यासाठी जे रस रक्तात सोडतं, ते वाढलेले असतात, त्यामुळे डोकं एकदम लख्ख होतं. बाहेर येऊन अंग पुसलं की आतून ऊब येते आणि मन शांत होतं. आणखी एक साधं कारण आहे. त्या चार मिनिटांत श्वासाशिवाय दुसरं काही सुचतच नाही. उधारी, सासूचं औषध, मुलाची फी, सगळं थोडा वेळ काठावर राहतं.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी गार पाण्यात पोहणाऱ्या १,११४ बायकांना प्रश्न विचारले. २०२४ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. पाळी जाण्याच्या वयातल्या बायकांपैकी जवळजवळ निम्म्या जणींनी सांगितलं की पोहण्यामुळे जिवाची घालमेल कमी झाली. साधारण ३० टक्के जणी म्हणाल्या की अंगातून वाफा निघणं कमी झालं. हे त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे, मशीनने मोजलेलं नाही. शिवाय व्यायाम, मोकळी हवा आणि मैत्रिणींची सोबत याचाही त्यात वाटा असणार. म्हणून हे औषध समजू नका. पण आपल्या गटांत चाळिशी-पन्नाशीच्या किती जणी आहेत आणि या त्रासाबद्दल त्या कुणाशी बोलतात, हा विचार मात्र करा.

जेजू बेटावरच्या बायका

दक्षिण कोरिया देशात जेजू नावाचं बेट आहे. तिथल्या बायका शेकडो वर्षांपासून समुद्रात बुड्या मारून शिंपले, गोगलगायी, समुद्री शेवाळ गोळा करतात. त्यांना 'हेन्यो' म्हणतात, म्हणजे समुद्राच्या बायका. पाठीवर हवेची टाकी नाही, फक्त छातीतला दम. एका श्वासात दहा मीटरपर्यंत खाली जायचं, हाताला येईल ते काढायचं आणि वर यायचं. वर आल्यावर सोडलेल्या श्वासाची शिट्टीसारखी हाक दूरवर ऐकू जाते. आज त्यातल्या बहुतेक जणी साठीच्या पुढच्या आहेत. २०१६ मध्ये युनेस्कोने त्यांच्या या परंपरेला जगाच्या वारशात स्थान दिलं.

त्यांच्याबद्दलच्या तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

पहिली, भोपळा. बुडी मारताना वर तरंगत ठेवायला आणि दमल्यावर छातीखाली धरायला त्या पूर्वी वाळवलेला भोपळा वापरायच्या. आता थर्माकोलचा गोळा आलाय. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकताना पोरांच्या पाठीला काय बांधायचे? तोच वाळलेला भोपळा, नाहीतर पत्र्याचा हवाबंद डबा. हजारो मैलांवर एकच युक्ती.

दुसरी, शेकोटी. पूर्वी या बायका साध्या सुती कपड्यांवर पाण्यात जायच्या. हिवाळ्यात पाणी १०-१५ अंशांवर यायचं. तेव्हा पाण्यात फार वेळ काढता येत नसे. थोडा वेळ झाला की बाहेर यायचं आणि काठावर दगडांचं कुंपण घालून केलेल्या जागेत शेकोटीभोवती बसायचं. त्या जागेला 'बुलतोक' म्हणतात. तिथेच कपडे बदलायचे, लेकरांना पाजायचं, म्हाताऱ्या अनुभवी बायकांनी नवख्या पोरींना पाण्याच्या खाणाखुणा सांगायच्या. उद्या कुठे उतरायचं, कधी उतरायचं नाही, हे तिथेच सगळ्यांनी मिळून ठरायचं. म्हणजे काय, तर तो त्यांचा बचत गटच. काही गावांनी समुद्राचा एक भाग राखून ठेवला आणि तिथली कमाई गावच्या शाळेला दिली.

तिसरी, सवय. १९६० च्या दशकात शास्त्रज्ञांनी त्यांच्या अंगाच्या उबेची मोजणी केली. हिवाळ्यात त्यांचं शरीर जास्त उष्णता तयार करायला शिकलं होतं. १९७० च्या दशकात अंगाला चिकटून बसणारे रबरी पोशाख आले आणि काही वर्षांतच शरीराची ती सवय गेली. म्हणजे गार पाणी सोसणं ही कुणाची जन्मजात शक्ती नाही. शरीर हळूहळू शिकतं आणि सोडून दिलं की विसरतं. थोड्या थोड्या वेळाच्या पाच-सहा बुडक्यांनंतरच गारठ्याचा तो पहिला धक्का जवळपास निम्मा होतो, हेही पुढे प्रयोगांत दिसलं आहे.

आधी गरम, मग गार

हेन्यो बायकांचं पाणी हे पोटासाठीचं पाणी. निव्वळ सुखासाठी गरम-गार करणारे लोक बघायचे तर फिनलंड देशात जावं लागतं. तिथे घरोघरी 'सौना' असतो. लाकडाची बंद खोली, कोपऱ्यात भट्टी, भट्टीवर तापलेले दगड. दगडांवर पाणी मारलं की वाफेचा लोट उठतो. आतली हवा ८० अंशांच्या आसपास तापते. देशात माणसं सुमारे ५५ लाख आणि सौना ३० लाखांच्या घरात. पूर्वी तिथे बाळंतपणंही सौनातच व्हायची, कारण घरातली सगळ्यात उबदार आणि स्वच्छ जागा तीच. आपल्या बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी आठवली ना? या परंपरेलाही २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली.

घाम निघाला की लोक बाहेर येतात आणि तळ्यात उतरतात. हिवाळ्यात तळं गोठलेलं असतं, मग बर्फाला भोक पाडून त्या पाण्यात उतरतात. किती वेळ? काही सेकंद, फार तर एखादं मिनिट. मग परत उबेत. यात कोणी कोणाशी पैज लावत नाही. अंग नको म्हणालं की बाहेर.

यामागचं गणित सोपं आहे. गरम पाण्याने किंवा वाफेने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुलतात, स्नायू सैल पडतात. गार पाण्याने त्याच वाहिन्या आकसतात, सूज आणि ठणका कमी जाणवतो. आलटून पालटून केलं की अंगाला सैल-घट्ट, सैल-घट्ट असा व्यायाम मिळतो. खेळाडूंवर झालेल्या अभ्यासांमध्ये असं दिसलं की मेहनतीनंतर नुसतं बसून राहण्यापेक्षा गरम-गार पाण्याने अंगदुखी कमी होते. पण हलका व्यायाम किंवा चोळणं यापेक्षा ते फार मोठं आहे असं नाही. "अंगातलं विष निघून जातं", "चरबी वितळते" असं कोणी सांगत असेल तर सोडून द्या. तसं काही होत नाही.

आपल्याकडचं पाणी

आपल्याला सौना बांधायची गरज नाही. पालघर-ठाण्यापासून रत्नागिरीच्या राजापूरपर्यंत, सह्याद्रीच्या पायथ्याशी गरम पाण्याच्या झऱ्यांची एक रांगच आहे. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीला तानसा नदीच्या काठी कुंडं आहेत. पुढे महाडजवळ सव, दापोलीत उन्हवरे, संगमेश्वरात तुरळ आणि राजवाडी, राजापूरला उन्हाळे. जळगाव जिल्ह्यात उनपदेव आणि नांदेडच्या किनवट तालुक्यात उनकेश्वर आहे. गावांच्या नावातच 'ऊन' म्हणजे गरम पाणी आहे. तिथे खाली ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खूप खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. वर येताना खडकातले क्षार घेऊन येतं, म्हणून काही ठिकाणी गंधकाचा वास येतो.

राजापूरला गंगा अवतरली की अनेक भाविक आधी उन्हाळ्याच्या गरम पाण्यात आंघोळ करतात आणि मग गंगेच्या कुंडांवर जातात. तानसेच्या काठीही एकीकडे गरम कुंड आणि शेजारी नदी. गरम-गार आंघोळ आपल्या लोकांना माहीत होतीच, फक्त तिचं नाव पुण्यकर्म होतं. दिवाळीच्या पहाटेचं उटणं आणि बंबाचं कढत पाणी, कार्तिकात काकड्याआधीची गार आंघोळ, हेही त्यातलंच.

आणि विहीर? हिवाळ्यात विहिरीचं पाणी कोमट आणि उन्हाळ्यात गार लागतं, हे आपण सगळ्या जाणतो. खरं तर पाणी बदलत नाही. जमिनीखालचं पाणी वर्षभर जवळजवळ एकाच तापमानाला असतं, आपल्या भागात साधारण २५ अंशांच्या पुढेमागे. बाहेरची हवा बदलते, म्हणून हाताला फरक जाणवतो. त्यामुळे बर्फाच्या टबापेक्षा विहीर किंवा बारव नवशिकीला कितीतरी बरी. वैशाखात त्या पाण्यात उतरल्यावर जे वाटतं, त्यासाठी बर्फ विकत आणायची गरज नाही. पण नदी, धरण आणि शेततळ्याचं उघडं पाणी थंडीच्या दिवसांत बरंच गार होतं. तिथे गारठ्याचा धक्का बसतो, हे लक्षात ठेवा.

घरच्या घरी: पायांसाठी गरम-गार पाणी

लावणी, खुरपणी, ऊसतोडीच्या दिवसांत पाय आणि पोटऱ्या दुखतात. त्यासाठी दोन बादल्या पुरतात.

एका बादलीत गरम पाणी, ४० अंशांच्या आसपास. थर्मामीटर नको. एक तांब्या उकळतं पाणी आणि चार तांबे साधं पाणी, असं विसण घाला. कोपर बुडवून बघा. ऊबदार वाटलं पाहिजे, चटका बसता कामा नये. दुसऱ्या बादलीत माठातलं गार पाणी.

पाय आधी गरम पाण्यात तीन-चार मिनिटं ठेवा. मग गार पाण्यात एक मिनिट. परत गरम. असं चार वेळा करा. एकूण २० मिनिटांच्या आत संपतं. शेवटी पाय कोरडे पुसा, बोटांच्या बेचक्यासुद्धा. गरम पाणी मध्ये निवतं, म्हणून किटली जवळ ठेवा, पण पाय बाहेर काढूनच त्यात गरम पाणी ओता. मनगट आणि हाताची बोटं दुखत असतील तर हातांसाठीही असंच करता येतं.

पाय नुकताच मुरगळला असेल, सुजला असेल तर पहिले दोन दिवस गरम पाणी नको, फक्त गार.

हे कोणी करू नये?

मधुमेहामुळे पायाला बधिरपणा असेल तर गरम-गार पाणी करू नका. चटका बसला तरी कळत नाही आणि जखम चिघळते. पायाच्या शिरेत गाठ झालेली असेल, रक्तपुरवठा कमी असेल किंवा उघडी जखम असेल, तरीही नको. गारठ्यात बोटं पांढरी पडून बधिर होत असतील तर गार पाणी टाळा.

हृदयाचा त्रास आहे, बीपी आटोक्यात नाही, फिट येतात किंवा दिवस गेलेले आहेत, अशा ताईंनी गार पाण्यात पोहण्याआधी किंवा गरम कुंडात बसण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. गरम कुंडात कोणीच दहा मिनिटांपेक्षा जास्त बसू नये. उठताना सावकाश उठा, चक्कर येते. काही कुंडांचं पाणी भाजेल इतकं तापलेलं असतं, म्हणून आधी हात लावून बघा. पाळीच्या दिवसांत पोहल्याने मात्र काही बिघडत नाही. सोय आणि मनाची तयारी असेल तर जरूर पोहा.

पोहायला उतरताना

१. एकटीने कधीच नाही. किमान तिघी हव्यात, त्यातली एक काठावर कोरडी आणि लक्ष ठेवून. चांगलं पोहणारी एक अनुभवी बाई पाण्यात हवीच.

२. पिण्याच्या पाण्याची विहीर नको. वापरात नसलेली जुनी विहीरही नको. तिच्यात तळाशी विषारी वायू साचलेला असू शकतो, विहीर साफ करायला उतरलेली माणसं अशीच दगावतात.

३. विहिरीत मोटार असेल तर आधी स्टार्टर बंद करा आणि फ्यूज काढून हातात ठेवा. पाण्यात करंट उतरलेला डोळ्यांना दिसत नाही.

४. पायऱ्यांची विहीर निवडा. कागद अंथरलेल्या शेततळ्यात पोहायला उतरू नका. तो कागद शेवाळाने इतका निसरडा होतो की पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. ज्यांच्या शेतात शेततळं आहे त्यांनी चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवावेत आणि कुंपण घालावं.

५. उडी नाही. आधी पाय, मग हात, मान आणि तोंडावर पाणी, मग हळूहळू आत. श्वास संथ झाल्याशिवाय काठ सोडायचा नाही.

६. अंगावर साडी नको, ती पायात गुंडाळते. लेगिंग आणि टी-शर्ट, किंवा अंगाबरोबरचा सलवार-कुर्ता चालेल. ओढणी काठावर.

७. पाणी गार असेल तर पहिल्या दिवशी दोन मिनिटं पुरे. बोटं वाकेनात, बोलणं अडखळायला लागलं की लगेच बाहेर. बाहेर आल्यावरही काही मिनिटं अंगाची ऊब उतरतच राहते. म्हणून आधी ओले कपडे बदला, अंग पुसा, गोधडी किंवा शाल घ्या, गरम चहा प्या. फार गारठला असाल तर लगेच कढत पाणी अंगावर घेऊ नका, भोवळ येऊन पडायला होतं.

८. अचानक पाण्यात पडलात तर हातपाय मारू नका. डोकं मागे टाकून उताणं तरंगा. एक-दीड मिनिट तसंच राहा. श्वास ताब्यात आला की मग काठाकडे या.

९. दुसरी कोणी बुडत असेल तर तिच्यामागे उडी मारू नका. दोर, साडी, काठी, रिकामी बंद कॅन, जे हाताला लागेल ते फेका. बाहेर काढल्यावर श्वास बंद असेल तर १०८ ला फोन लावायला सांगा आणि तोंडाने श्वास देणं, छाती दाबणं सुरू करा. उलटं टांगून गरगर फिरवू नका, पोट दाबत बसू नका. त्यात मोलाची मिनिटं जातात.

हे आपल्या गटाचं काम का आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ३ लाख माणसं पाण्यात बुडून गेली. त्यात लहान मुलं खूप. म्हणूनच २५ जुलै हा दिवस बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिवस म्हणून पाळतात. आपल्या भागातल्या बातम्या आठवा. कपडे धुताना पाय घसरला, पाणी शेंदताना तोल गेला, एकीला वाचवायला दुसरी गेली आणि तीही गेली. पाण्याशी सगळ्यात जास्त संबंध आपला. पाणी शेंदायचं आपण, वाहायचं आपण, त्यात धुवायचं आपण. आणि पोहायला कोणाला येतं? भावाला. त्याला बापाने उन्हाळ्याच्या सुट्टीत भोपळा बांधून विहिरीत टाकलं, आणि आपल्याला काठावर त्याचे कपडे धरून उभं केलं.

पोहणं मायलेकींनी मिळूनही शिकता येतं. आपल्या देशातली जलतरणपटू भक्ती शर्मा अगदी लहानपणी पोहायला शिकली ती आईकडून, आणि आईच तिची प्रशिक्षक. जानेवारी २०१५ मध्ये ती अंटार्क्टिकाच्या समुद्रात ४१ मिनिटं पोहली. पाणी होतं जेमतेम १ अंश. तसं काही आपल्याला करायचं नाही, आणि अनेक वर्षांच्या सरावाशिवाय कोणी करूही नये. पण आई शिकवते आणि लेक शिकते, हे जेजू बेटावर चालतं, तसं आपल्या गावातही चालू शकतं.

बैठकीत मी हे काढते तेव्हा पहिलं उत्तर येतं, "लोक काय म्हणतील?" दुसरं उत्तर, "या वयात?" आणि तिसरं, जरा हळू आवाजात, "मला लहानपणी येत होतं." हे तिसरं उत्तर जवळजवळ प्रत्येक गटात एकीचं तरी असतं. माहेरच्या विहिरीत पोहलेली, लग्नानंतर पाण्यात न उतरलेली. ती तुमच्या गावाची शिक्षिका आहे. तिला शोधा.

म्हणून येत्या उन्हाळ्याआधी प्रत्येक ग्रामसंघाने बैठकीत एवढं ठरवावं:

गावात पायऱ्यांची, चांगल्या पाण्याची एक विहीर कोणती, मालकाची परवानगी कोण घेणार. आठवड्यातले दोन दिवस, ठरावीक वेळ, फक्त बायका आणि मुलींसाठी. पोहता येणाऱ्या जणींची नावं. दोन लांब दोर, चार ट्रॅक्टरच्या ट्यूब, कपडे बदलायला आडोसा. गावातल्या आशाताईंकडून तोंडाने श्वास देणं आणि छाती दाबण्याचं प्रात्यक्षिक. आणि काठावर चूल, चहाच्या भांड्यासकट. ही शेवटची गोष्ट चैन म्हणून कापू नका. पाण्यातून आल्यावर ऊब तयार असणं हा नियमच आहे, आणि चुलीभोवती ज्या गप्पा होतील त्या आपल्या बैठकीच्या वहीत कधी येत नाहीत.

खर्च फार नाही. ट्यूब पंक्चरवाल्याकडे जुन्या मिळतात. दोर कोणाच्या तरी गोठ्यात असतोच. लागते ती वेळ, आणि ती मागून मिळत नाही, ठरवून काढावी लागते. बचत गटात आल्यावर आपण पैशाची वेळ काढायला शिकलो, बँकेत जायची वेळ काढायला शिकलो. आता आठवड्यातला एक तास पाण्यासाठी काढू. त्या तासात पाणी डोक्यावर वाहायचं नाही. त्या तासात पाण्यानेच आपल्याला वाहून धरायचं.

ज्या ग्रामसंघांचा ठराव होईल त्यांनी पुढच्या महिन्याच्या बैठकीत तो प्रभागसंघाकडे द्यावा. पोहायला शिकवू शकणाऱ्या ताईंची नावं सोबत जोडा. विहिरीची पाहणी करायला मी स्वतः येईन, आणि फ्यूज काढलाय की नाही हे आधी बघेन.

तुमची,
क्षेत्र समन्वयक